पुसलेली ओळ

विहिरीच्या काठावरच्या पेटीत लाल दिवा जळताना दिसला आणि जालिंदर पेटीकडे धावला. विहिरीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता डबा खुणेखाली गेला होता. दिवा लागल्यापासून दहा मिनिटांनी टेकडीवरच्या टाकीची झडप उघडणार आणि टँकरांनी आणलेलं सगळं पाणी जाड पाइपातून खाली कोसळणार. पण दिवा लागला कधी? आणि खाली, चाळीस हात खोल, आश्रुबातात्या घमेल्यात गाळ भरत होते! नवं पाणी सोडण्याआधी गाळ काढायची गावाची रीतच होती. गाळाबरोबर उरलंसुरलं पाणीही वर आलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पेटीतला इवलासा संगणक जालिंदरनेच घडवलेला. त्याला हुकूम कळायचे आठच, तेही मराठीतून: बघ, थांब, उघड, असे. आश्रुबांच्या कारभारणीने, चौथी शिकलेल्या दगडाकाकूंनी, पाणी संस्थेसाठी त्यात स्वतः हुकुमांच्या ओळी लिहिल्या, तेव्हा जालिंदर गावभर मिरवला होता. सोपेपणापायी त्याने एक गोष्ट वगळली होती: काम चालू असताना मध्येच हाक मारली तर ऐकण्याची सोय. शिकणारे तिथेच गोंधळतात, म्हणून. एकदा 'थांब' म्हटलं की हा गडी दहा मिनिटं ठार बहिरा.

"वायर तोड की बे!" रहाटावरचा बन्सी ओरडला.

"तोडली तर झडप लगेच उघडती!"

तसा ठराव संस्थेनेच केला होता. मशीन मेलं तरी पाणी अडता कामा नये. तहानलेल्या गावाला दुसरं भय ठाऊकच नव्हतं.

बन्सी आश्रुबांना वर घ्यायला रहाट फिरवायला लागला. दगडाकाकू मात्र शांत. त्यांनी तरंगता डबा दोरीने खुणेच्या वर ओढून धरला.

"भिऊ नगा. उघडायच्या आदी ते परत बघतंय. मीच लिवलंय तसं."

बन्सीचे हात सैल पडले. ती ओळ जालिंदरने मागच्याच आठवड्यात पुसली होती. दोनदा कशाला बघायचं, असं वाटून. आता सांगायची लाज वाटली, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

"काकू, ती ओळ न्हाई! मी काढली. तात्याला वर घ्या!"

सगळे रहाटाला झोंबले. आश्रुबा छातीपर्यंत काठावर आले तोच पाइप गरजला आणि खालचा तळ पाण्याखाली दिसेनासा झाला.

काकू जालिंदरकडे वळल्या.

"मला लिवता यावं म्हणून एवढं सोपं केलंस ना?" त्या म्हणाल्या. "मग पुसताना मला कावून इचारलं न्हाईस?"