पिवळा पडलेला माचा

नितीन सरांनी तक्रारीचा कागद योगिनीच्या टेबलावर ठेवला. "टी. टी. नगरचा कॅफे आहे, 'सावली'. म्हणतात, आपला माचा कडू लागतो, रंगही पिवळट आहे. सगळा माल परत घ्या म्हणतात."

कागदाच्या तळाशी मालकांची नावं होती. निनाद आणि शिल्पा.

"मला का पाठवताय, सर?"

"त्यांच्या चुका तुमच्याइतक्या पटकन कुणाला दिसणार?" नितीन सर हसले. "माल नीट ठेवला नसणार. बघून या, तसा रिपोर्ट लिहा, विषय संपला."

निनाद हा योगिनीचा आधीचा नवरा आणि सहा वर्षांपूर्वी त्यांचा घटस्फोट झाला, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. नोकरीच्या निमित्ताने तो जपानमध्ये असताना दोघं पाच वर्षं क्योतोजवळ राहिली होती. तो कारखान्यात जायचा आणि योगिनी उजी गावातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारणीकडे चहा शिकायची. ज्या चहाच्या पानांची भुकटी म्हणजे माचा, ती झाडं तोडणीच्या आधी तीनेक आठवडे सावलीत झाकून ठेवतात, म्हणून पानं इतकी हिरवी आणि गोडसर होतात, हे तिनेच निनादला सांगितलं होतं. परत आल्यावर भोपाळमध्ये चहाचं छोटं दुकान काढायचं आणि त्याला 'सावली' नाव द्यायचं, हेही तिनेच ठरवलं होतं. परत आल्यावर वर्षभरात निनादच्या आयुष्यात शिल्पा आली. कॅफे निघाला तो त्या दोघांचा, नाव मात्र तेच. योगिनी या कंपनीत लागली. जपानहून येणारा माचा तपासायचा आणि तो विकणाऱ्या कॅफेंना तो कसा वापरायचा हे शिकवायचं, हे तिचं काम. 'सावली'ला शिकवायला ती कधीच गेली नव्हती. कुणी पाठवलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं.

आज मात्र ती आनंदाने निघाली. एप्रिलमध्ये माल विमानाने आला तेव्हा काढून ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवलेला त्याच खेपेचा नमुन्याचा डबा तिने बर्फाच्या पिशवीत घेतला. चाळणी, बांबूची रवी आणि थर्मामीटरही घेतलं.

दुपारचे बारा वाजले होते. जूनचं ऊन रस्त्यावर ओतल्यासारखं होतं. कॅफेत चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. काउंटरमागे शिल्पा उभी होती. योगिनीला बघून तिचा चेहरा ताठ झाला.

"कंपनीने तुम्हाला पाठवलं?"

"तक्रार तुमची आहे. माचा कुठे ठेवता?"

शिल्पाने काउंटरवरच्या काचेच्या बरणीकडे बोट केलं. बरणी खिडकीपाशी होती आणि उन्हाची तिरीप सरळ तिच्यावर पडत होती. आतल्या भुकटीचा रंग वाळल्या शेवाळासारखा झाला होता.

"ही शोभेला ठेवली आहे की वापरायला?"

"वापरायला. लोकांना दिसावा म्हणून बाहेर ठेवतो."

"उजेड, उष्णता, हवा. माचाचे तीन शत्रू तुम्ही एका बरणीत घातलेत." योगिनीने झाकण उघडून वास घेतला. "चौथा शत्रू वास. फ्रिज दाखवा."

फ्रिजमध्ये सील फोडलेला एक डबा होता. त्याच्या शेजारी लसणाची चटणी, मसाला लावलेलं पनीर आणि चिरलेला कांदा. योगिनीने डब्याचं झाकण आतून बोटाने पुसलं. बोट ओलं झालं.

"थंडगार डबा बाहेर काढून लगेच उघडता?"

"मग काय करायचं?"

"बंद डबा तासभर बाहेर ठेवायचा. आतला माल खोलीइतका कोमट झाला की मग उघडायचा. नाहीतर हवेतलं पाणी भुकटीवर बसतं." योगिनी मुद्दाम मोठ्याने बोलत होती. एका टेबलावरच्या दोन मुली मान वळवून बघायला लागल्या. "आता करून दाखवा. तुम्ही गिऱ्हाइकाला देता तसा."

शिल्पाने चमचाभर भुकटी थेट वाडग्यात टाकली, वर किटलीतलं उकळतं पाणी ओतलं आणि रवीने घुसळायला लागली. तळाशी हिरव्या गुठळ्या फिरत होत्या.

"चाळली नाही. पाणी उकळतं. रवी आधी कोमट पाण्यात भिजवली नाही, म्हणून काड्या तुटल्यात, बघा. इतक्या अडाणी माणसाच्या हातात हा चहा द्यायलाच नको होता."

शिल्पाने रवी खाली ठेवली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण ती मागे हटली नाही.

"तुमच्या कंपनीने शिकवायला कोण पाठवलं? कोणीच नाही. एक कागद पाठवला, तोही इंग्लिशमध्ये. कॉल केला तर म्हणे, मॅडम बिझी आहेत."

"मी कधीच बिझी नव्हते."

"मग का नाही आलात?"

तेवढ्यात मागच्या दारातून निनाद आला. आठ वर्षांच्या संसारात ज्याला 'तू' म्हटलं, त्याला योगिनी म्हणाली, "या. तुमच्या दुकानातल्या चुका मोजतेय."

"मोज. ते तुला पहिल्यापासून जमतं." निनाद शिल्पाच्या शेजारी उभा राहिला. "पण तक्रार आहे ती नवा डबा फोडल्या फोडल्या माल असाच निघतो याची. शिल्पा, न उघडलेले डबे दाखवले का?"

"विचारलंच नाही यांनी."

शिल्पाने फ्रिजच्या वरच्या खणातून तीन सीलबंद डबे आणले. योगिनीने खेपेचा क्रमांक बघितला. तिच्या नमुन्याचाच क्रमांक. तिने एक सीलबंद डबा आणि नमुन्याचा डबा शेजारी शेजारी ठेवले आणि खुर्ची ओढली. "तासभर थांबावं लागेल."

तो तास कुणालाच सोपा गेला नाही. तिला कुणी पाणी विचारलं नाही. निनाद समोरच्या टेबलावर फोन बघत बसला. शिल्पा गिऱ्हाइकांना कॉफी देत होती आणि येता-जाता योगिनीच्या खुर्चीला वळसा घालत होती.

मग योगिनीने पांढऱ्या कागदावर दोन्ही डब्यांतली चिमूट चिमूट भुकटी बोटाने ओढली. तिच्या नमुन्याची रेघ कोवळ्या पोपटी रंगाची उठली. शेजारची रेघ पिवळट, मेहंदीच्या भुकटीसारखी. तिने वास घेतला. नमुन्याला मटार सोलताना येतो तसा गोड, हिरवा वास होता. दुसऱ्याला कडब्याचा.

डबा सीलबंद होता. खिडकीचं ऊन, लसूण, ओलं बोट, यांपैकी काहीच त्याच्या आत पोहोचलं नव्हतं.

तिने दोन वाडगे केले. दोन दोन ग्रॅम माचा चाळून घेतला. पाणी उकळून सत्तर-पंच्याहत्तर अंशांवर येईपर्यंत थांबली. भिजवलेली रवी मनगटातून भराभर पुढे-मागे फिरवली, तळाला न घासता, आणि बारीक फेस आल्यावर अलगद वर उचलली. दोन्ही वाडगे तिने शिल्पाकडे सरकवले.

शिल्पाने आधी पिवळट वाडग्यातला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग दुसरा वाडगा उचलला. एक घोट घेऊन थांबली आणि सगळा प्यायली.

"हा असा लागतो?" तिने निनादला विचारलं.

"मी सांगितलं होतं ना तुला," निनाद म्हणाला आणि योगिनीकडे वळला. "मग? सीलबंद डब्यात चूक कुणाची?"

"बरणीची आणि फ्रिजची चूक तुमची. बाकी रिपोर्टमध्ये येईल."

"बघ, शिल्पा. उत्तर माहीत असलं आणि द्यायचं नसलं की ही असंच बोलते."

योगिनीने सामान भरलं आणि ती बाहेर पडली. ऑफिसला न जाता तिने रिक्षावाल्याला करोंद सांगितलं. कंपनीचं गोदाम तिथे धान्य मंडीच्या मागे होतं. त्यात एक थंड खोली होती आणि माचा पाच अंशांखाली तिथेच राहायचा. दर महिन्याला तसा एक फॉर्म भरला जायचा. त्यावर तपासणाऱ्याची सही लागायची आणि ती सही योगिनीची असायची.

चौकीदार शांतारामकाका पत्र्याच्या सावलीत बसले होते. बैतूलकडचे, मराठी जाणणारे गृहस्थ. त्यांनी कुलूप काढलं. आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. थंड खोलीचा दरवाजा सताड उघडा होता आणि आत रिकामी पोती रचली होती. माचाची खोकी त्या खोलीबाहेर, गोदामाच्या तापलेल्या पत्र्याखाली, मेथीच्या गोण्यांना टेकून उभी होती.

"काका, थंड खोली कधीपासून बंद पडलीय?"

"मशीन जळालं ना, बाई. एप्रिलमध्येच. ही खोकी आली त्याच हफ्त्यात."

"सरांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ते म्हणाले, पावडर आहे, दूध थोडंच आहे फाटायला." शांतारामकाकांनी तिच्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुम्हालाबी ठाऊक असेल. फॉर्म तर तुम्हीच भेजता."

योगिनीने खोक्यावर हात ठेवला. पुठ्ठा गरम होता. एप्रिल आणि मे असे दोन फॉर्म तिने ऑफिसात पंख्याखाली बसून भरले होते. 'तापमान चार अंश' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. आधीच्या कितीतरी महिन्यांतही ती इथे आली नव्हती. तिने फोटो काढले, भिंतीवरच्या थर्मामीटरचाही. त्यावर त्रेचाळीस होतं.

संध्याकाळी ती नितीन सरांच्या केबिनमध्ये उभी राहिली. त्यांनी फोटो बघितले आणि फोन उलटा ठेवला.

"त्यांच्याकडे बरणी उन्हात होती ना?"

"होती."

"फ्रिजमध्ये लसूण होता? पाणी उकळतं होतं?"

"होतं."

"मग तेवढंच लिहा. खोटं काहीच लिहायचं नाहीये. जे तिथे दिसलं ते लिहायचं." त्यांचा आवाज मऊ झाला. "योगिनीजी, या माणसाने तुमचं काय केलं ते आम्ही बघितलंय. त्याच्यासाठी नोकरी घालवणार?"

"त्याच्यासाठी मी पाण्याचा ग्लासही उचलणार नाही."

"मग?"

"इतर कॅफेंनाही हाच माल गेलाय. आणि चार अंश मी लिहिलंय."

"तेच म्हणतोय मी. सही तुमची आहे," नितीन सर म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता. "आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढंच सांगेन मी वर."

ती टेबलावर परत आली. तिने आधी 'सावली'च्या चुका लिहिल्या, एकही न सोडता, आणि लिहिताना तिला बरं वाटलं हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. कितीतरी वेळ ती तिथेच थांबली. एवढ्यावर रिपोर्ट संपला असता. निनाद आणि शिल्पा कंपनीपुढे खोटी ठरली असती, त्यांचा अर्धा दोष खराच होता. तिला ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

मग तिने पुढचा परिच्छेद लिहिला. सीलबंद डबेही खराब आहेत, थंड खोली एप्रिलपासून बंद आहे, दोन महिन्यांचे फॉर्म मी गोदामात न जाता भरले. फोटो जोडले. तोच मेल तिने नितीन सरांना, 'सावली'ला आणि माल गेलेल्या इतर सगळ्या कॅफेंना एकदमच पाठवला.

कंपनीने तिला चौथ्या दिवशी काढलं. कारण लिहिलं होतं, खोटी नोंद. ते खरंच होतं, म्हणून ती भांडली नाही. माल सगळीकडून परत मागवला गेला. नितीन सर जागेवरच राहिले.

निनादने फोन केला तो आभार मानायला नव्हे. "एकदाची चूक कबूल केलीस. फक्त सहा वर्षं उशीर झाला. बरं ऐक, कंपनीवर केस टाकायची म्हणतोय. तू येऊन सांगशील ना?"

"नाही. जे सांगायचं ते लिहून दिलंय. ते वापरा."

"बदलली नाहीस तू."

"तुम्हीही नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी 'सावली'च्या इंटरनेटवरच्या पानावर तिच्या रिपोर्टचा दुसरा परिच्छेद नावासकट झळकला. पहिला परिच्छेद कापलेला होता.

त्याच आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. शिल्पा होती.

"तो रिपोर्ट मी नाही टाकला. निनादने टाकला. मी पूर्ण टाका म्हटलं होतं."

"बरं."

"तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर मला अडाणी म्हणालात. स्वतःच्या चुका एवढ्या लिहिल्यात, ती नाही लिहिली."

योगिनी अयोध्या नगरच्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी होती. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं. "नाही लिहिली," ती म्हणाली. "ते चुकलं माझं. आणि शिकवायला यायला हवं होतं मी. आले नाही, कारण तुम्ही होतात."

"ते मला माहीत होतं." शिल्पा म्हणाली. "मला तुम्ही आवडत नाही. पुढेही आवडणार नाही."

"मलाही."

"नवा माल दुसरीकडून मागवलाय. उघडलेला डबा किती दिवस चालतो?"

"महिनाभर. झाकण घट्ट, डबा अपारदर्शक, वेगळ्या बंद पिशवीत. लसणापासून लांब. त्यापेक्षा छोटे डबे मागवा, म्हणजे लवकर संपतील."

"थांबा, लिहून घेते." पलीकडे पेनचा आवाज आला. "पाणी सत्तर?"

"सत्तर ते ऐंशी. त्याच्या वर कधीच नाही."

"आणि रवी कशी वाळवायची? उभी ठेवली तर काड्या पसरतात आमच्या."

योगिनीने खुर्ची ओढून घेतली आणि रवी कशी वाळवायची ते सांगायला लागली.