डोक्यावरची बाटली

मित्रांनो, मला स्वस्थ बसणं जमत नाही. जरा कुठे शांत झालो की पोटातलं यंत्र पुन्हा घरघरायला लागतं, पाय थरथरतात आणि वर ठेवलेला कप बशीत नाचायला लागतो. मी एक जुना फ्रिज आहे. कधीकाळी पांढरा होतो म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, गॅस भरला, दाराला रबर बसवलं आणि मला औषधांच्या एका दुकानात धाडलं. तिथे माझी काय ऐट होती! माझ्या पोटात लशी असत, इन्सुलिन असे. मालक येताजाता दार उघडून तापमान बघायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा बंद पडला तर माझं दुकान बसलंच समजा." ऐकून मी फुगून जायचो. मग काचेच्या दाराचा नवा फ्रिज आला आणि माझी रवानगी मागच्या बोळात झाली. पाय गंजले. एका मांजरीनं माझ्यात पिल्लं घातली आणि ती मोठी होऊन गेली, तरी माझ्याकडे कोणी फिरकलं नाही.

तिथून मला उचललं ते एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्यानं. त्यानं मला घासलं, पुसलं, पोटात नवं यंत्र घातलं आणि आपल्याच स्वयंपाकघरात उभं केलं. घरात एक लहान मुलगी होती, म्हणून मीही त्याला बाबाच म्हणू लागलो. मुलीच्या पायाला भिंगरी लागलेली, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं होतं. चालायला लागल्यापासून ती येताजाता माझ्या दारावर थाप मारायची, मी घरघर करायचो आणि ती खिदळायची. आम्हा दोघांनाही स्थिर राहणं माहीत नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमलं.

बाबाचा थंडीवर फार विश्वास. बिस्किटं, मेणबत्त्या, घड्याळाचे सेल, जे हाती लागेल ते तो माझ्यात कोंबायचा. त्याची थोरली बहीण, भिंगरीची आत्या, अगदी उलट. फ्रिजचं पाणी म्हणजे घशाला फास, असं तिचं ठाम मत. भिंगरीची आई बसमध्ये कंडक्टर होती. ती कामावर गेली की भिंगरी आत्याच्या कडेवर. या दोघा बहीणभावांच्या ओढाताणीची मला गंमत वाटायची. पुढे ती गंमत राहिली नाही.

एका सकाळी भिंगरीला जुलाब लागले. वर उलट्याही. समोरच्या दवाखान्यातून बाबानं दोन गोष्टी आणल्या. जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, साधी पाकिटं आणि छोट्या चकचकीत पुड्या. त्या पुड्यांत पोटाला उपकारक असे जिवंत जंतू होते. प्रोबायोटिक म्हणतात त्यांना. त्या थंडीत ठेवायच्या होत्या.

मग काय, बाबाला आभाळ ठेंगणं झालं. "अगं ताई, जिवंत आहेत आत! आता सगळी भिस्त आपल्या फ्रिजवर." त्यानं माझा मधला कप्पा पुसून पुड्यांना जागा दिली. मीही शेफारलो. दुकानातले दिवस परत आले, असं वाटलं मला. जलसंजीवनी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली, बाटलीत भरली आणि सवयीनं तीही माझ्या दारात लावली.

पुड्या वेळच्या वेळी भिंगरीच्या पोटात जात होत्या. बाटली मात्र फिरत राहिली. आत्यानं तिला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "एवढं गारढोण पाणी आजारी लेकराला? मुळीच नाही." संध्याकाळी आईनं बाटली बाहेर काढून ओट्यावर ठेवली, गारवा जरा कमी झाला की पाजू म्हणून. बाबा आला, बघितली आणि "कोण रे हा शहाणा? नासेल ना!" म्हणत पुन्हा आत ठेवली. सकाळी आईनं परत काढली आणि कामावर गेली. बाबानं परत ठेवली. आई समजत होती, आत्या पाजत असेल. आत्या समजत होती, पुड्या चालू आहेत ना, त्याच खरं औषध. आणि उलटीनंतर पोटाला जरा आराम बरा.

मित्रांनो, बाटलीतलं पाणी तसूभरही उतरत नव्हतं आणि हे एकट्या मला दिसत होतं. माझ्या जिवाची नुसती तगमग चालली होती. घरघरलो, थरथरलो, कप पाडला. "फारच आवाज करतोय हा मेला," आत्या म्हणाली. भिंगरी तिच्या मांडीवर पडून होती. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. दारावर थाप नाही की काही नाही. जिला क्षणभर बसवत नव्हतं, ती हलत नव्हती. मला इतकी भीती बोळातल्या अंधारातही वाटली नव्हती.

दार सारखं उघडमीट होऊन माझं यंत्र तापलं होतं. दुपारी ते एकदा जोरात हिसडलं आणि बंद पडलं.

बाबा जेवता जेवता उठला. "अरे देवा, पुड्या! जंतू मरतील!" त्यानं बर्फाचा थर्मास आणला, पुड्या त्यात घातल्या आणि मग एकेक वस्तू बाहेर काढू लागला. बाटली हातात आली आणि तो थांबला. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

"ताई, ही भरलेली कशी?"

आत्यानं बाटलीकडे पाहिलं, मग भिंगरीकडे. भिंगरी रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. आत्यानं खिडकीतून अशी हाक मारली की समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चप्पल न घालता रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी भिंगरीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. त्यांनी कालचं पाणी ओतून बाटलीत ताजं कालवायला लावलं आणि तिथेच जमिनीवर बसून चमचा मागितला.

"पण पुडी एकही चुकवली नाही हो," बाबा रडवेला होऊन म्हणाला.

"पुड्या द्या की. त्यांनी जुलाब थोडे लवकर थांबतील, कदाचित नाहीही थांबणार. पण अंगातून गेलेलं पाणी त्या परत आणत नाहीत. ते हे आणतं. चमच्या-चमच्यानं, सतत. उलटी झाली तर थोडं थांबायचं आणि पुन्हा सुरू. आणि मागेल तेव्हा खायलाही द्यायचं."

"गार होतं ना पण ते..." आत्या पुटपुटली.

"मग बाहेर ठेवा. उद्या उरलं तर ओतून ताजं करा. दोन तासांत सुधारली नाही तर मोठ्या दवाखान्यात."

डॉक्टरीणबाई हलल्या नाहीत. चमचा वाटीवर वाजत राहिला. मी बंद होतो. या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्यात आवाज नव्हता, म्हणून मला तो एकेक चमचा ऐकू येत होता. बाटली हळूहळू उतरू लागली. आई धावत घरी आली तेव्हा आत्या ओरडली, "अगं, शू केली हिनं! झबलं ओलंचिंब!" ओल्या झबल्यावरून तिघंही गळ्यात पडून रडलेली मी तेव्हाच पाहिली.

बाबानं मला दुरुस्त केलं, पण सवडीनं. मला राग आला नाही. आता कोणालाही जुलाब लागले की पुड्या माझ्या पोटात असतात आणि ती बाटली माझ्या डोक्यावर, आत्याच्या हाताशी. भिंगरी पुन्हा येताजाता थाप मारते आणि मी घरघरतो.

मित्रांनो, माझ्या दाराचं रबर पुसत जा, दार उघडं टाकू नका, मला हवं तेवढं भरून ठेवा. ती बाटली मात्र चमच्या-चमच्यानं रिकामी करा.