जन्नतबीने रंगवलेले हिरवे लुगडे

मित्रांनो, मी शहाद्याच्या रंगारी आळीतला एक जुना तांब्याचा हंडा आहे. इंग्रजांच्या काळात जन्नतबी आणि तिचा मुलगा इद्रिस माझ्यात कापड रंगवीत. माझ्यातूनच दर्ग्याची हिरवी चादर निघे आणि नवरीचे हिरवे लुगडेही. डोंगरातला आमशा होळीआधी फेटा लाल करून नेई. तोच लाल कुणाच्या घरी कुंकवाचा, कुणाच्या घरी नवसाचा. मला मात्र सगळे रंग सारखेच पोळत.

एका बाजाराच्या दिवशी ब्राह्मणपुरीचे गिरधर पाटील कोरे पांढरे लुगडे घेऊन आले. बरोबर विधवा सून छबूबाई होती, वयाने पोरच. तिच्या घरच्या रीतीने तिला जन्मभर काळेच नेसायचे होते. आठवड्याचा बाजार तेवढा तिला मोकळा होता.

"काळं कर. पक्कं. धुवावर उतराले नको," म्हणून पाटील तेल आणायला गेले.

छबूबाईने दोरीवरच्या ओल्या हिरव्या चादरीला बोट लावले. "चाची, रंग कितला गार शे."

"नवरा जाईसन कितला महिना व्हयनात, पोरी?" जन्नतबीने विचारले.

"पाच."

जन्नतबीही विधवाच. तिच्या समाजात नवरा गेल्यावर इद्दत म्हणजे दुखवटा पाळतात, चार महिने दहा दिवस. ती सरली की बाईने हवा तो रंग ल्यावा. तिची स्वतःची ओढणी गुलाबी होती. तिने हिरव्या रंगाची पुडी उचलली.

"अम्मा, पाटील काला बोले," इद्रिस म्हणाला.

"मरदां को दिन कां याद रहते? इद्दत कब की पूरी हुई."

तिला खरेच वाटले, म्हातारा हिशेब विसरला. असे मायेचे काम माझ्यात क्वचितच उकळले असेल.

पाटील परतले. दोरीवरचे लुगडे पाहून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. ते सुनेकडे वळले.

"तूच सांगं ना हिले? मन्हा पोऱ्याले जाईसन वरीसबी व्हयनं नही, नि हाई हिरवं नेसी?"

"मीच करं, गिरधरभाऊ," जन्नतबी काकुळतीला आली. "पोरनी तोंडबी उघडं नही."

पाटलांनी ऐकले नाही. त्यांनी काळी पुडी माझ्यात रिकामी करायला लावली आणि लुगडे छबूबाईच्या अंगावर फेकले. "तूच टाक यामा."

तिने टाकले. काठीने दाबले. हिरवा बुडायला वेळ लागला, आणि आळीतल्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. त्यानंतर छबूबाई कधी बाजारात दिसली नाही. जन्नतबीने बरेच दिवस वाट पाहिली.

आता माझ्या बुडाला भोक आहे. शेळ्या मला शिंगे घासतात.

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरी कोणता रंग काय सांगतो, हे विचारल्याशिवाय माया करू नका. आणि रंगापायी कुणाला छळताना दिसले, तर गप्पही बसू नका. मी तांब्याचे भांडे. जे ओतले ते मी उकळले. पाहत उभ्या राहिलेल्या त्या बाया तांब्याच्या नव्हत्या. तुम्हीही नाही.