मागाच्या पट्टीतला आवाज

अभिमन्यूला मोठ्याने बोलताच येत नाही, असे त्याच्या सासरच्यांचे ठाम मत होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात मात्र यंत्रमागांच्या खडखडाटात सुताची कांडी मागायची, तरी त्याला ओरडावे लागे. माग थांबले, की त्याचा आवाजही थांबे.

रविवारी त्याला जेऊरला जायचे होते. बाळंतपणाला माहेरी गेलेली उत्कर्षा आणि त्याने धड न पाहिलेली लेक, दोघींना घरी आणायचे. तेही लेकीच्या पायांत चांदीचे वाळे घालूनच, असे त्याने बायकोला फोनवर कबूल केले होते. हळू आवाजात, पण कबूल केले होते.

मजुरी सात तारखेच्या आत द्यावी आणि पैशातच द्यावी, असा कायदा. तो छापलेला तक्ता मालकांनीच भिंतीवर टांगला होता. त्यावर आता रुईची मऊ लव साचली होती. सात तारीख केव्हाच उलटली. शनिवारी दुपारी मालक चनबसप्पाअण्णांनी मजुरांपुढे टॉवेलांचे गठ्ठे मांडले.

"बाजार थंड हाय. पगाराच्या जागी हेच घ्या. पैशापेक्षा जास्त टिकतंय की!"

"अण्णा, पण..." अभिमन्यू म्हणाला. माग बंद होते, म्हणून ते शब्द ओठांवरच विरले.

टॉवेलांच्या कडा शिवणाऱ्या सारजाबाईंनी आपला गठ्ठा काखेत मारला. "पोरीच्या पायाला टॉवेल गुंडाळतोस व्हय रं?"

"मग काय करू, मावशी?"

"इकायचं. चल नव्या पेठेत."

संध्याकाळी सारजाबाईंनी बरोबर अण्णांच्या टॉवेलांच्या दुकानासमोर चादर अंथरली.

"हितं? अण्णांच्या दारात?"

"मग? टॉवेलाचं गिऱ्हाईक हितंच येतंय. ओरड आता."

"तुमीच ओरडा की."

"वाळं माझ्या पोरीला घालायचंत का?"

"टॉवेल..." तो पुटपुटला. रिक्षांच्या हॉर्नमध्ये ते विरघळून गेले. शेजारच्या सराफाच्या काचेत इवलेसे वाळे लुकलुकत होते. अभिमन्यूने डोळे मिटले. भोवतीचा कल्लोळ हळूहळू ओळखीचा झाला. जणू सगळी पेठच मागांवर चढली होती. आणि त्याला त्याची पट्टी सापडली.

"टॉवेल घ्या, टॉवेल! समोरच्या दुकानातलंच! अण्णांनी पगाराला दिलेलं!"

एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. दुकानातली गिऱ्हाइके पायरीवर आली. त्यांच्या मागून अण्णा, अनवाणी.

"ए, सुम्म इरप्पा!" अण्णांच्या तोंडून कानडीच निघाले. "गप की! हळू बोल की!"

"दुपारी हळूच बोललो हुतो, अण्णा!" पट्टी तीच.

दुकानातून पिशवी भरून निघालेली एक बाई अण्णांपाशी थबकली. "पगाराला टॉवेल? मग आमी बी तुमचं पैसं फुडल्या म्हयन्यात देतो की. न्हायतर भाकऱ्या देतो."

पायरीवर हशा पिकला. अण्णा आत गेले आणि गल्ल्यातून दोघांचा पगार घेऊन आले.

"बाकीच्यांचा?" अभिमन्यूने विचारले. सराफाची काच थरथरल्यासारखी वाटली.

"सोमवारी. समद्यांचा, रोख!"

"आन् फुडल्या म्हयन्याचा?"

"सातच्या आत, बाबा! तेवढा आवाज आवर!"

अण्णा स्वतः टॉवेल गोळा करू लागले. त्यातल्या एकाला सारजाबाईंनी आधीच हात पुसले होते. तो त्यांनी ठेवून घेतला.

रविवारी जेऊरला त्याने लेकीच्या पायांत वाळे घातले. त्यांच्या घुंगरांचा नाद इतका बारीक होता, की तो ऐकायला सगळे घर गप्प झाले. "गोड वाजतंय, न्हाय का हो जावईबापू?" सासूबाईंनी विचारले. अभिमन्यूने नुसती मान डोलावली. त्याचा घसा पार बसला होता. पण कुणालाच त्यात काही नवल वाटले नाही.