बाभूळ भिजतेय

जयाने हौदात हात घालून ओंडका हलवून पाहिला. "मामा, आजून किती भिजवायचं?"

कानिफनाथ लाकूड कातायच्या लेथला तेल देत होता. सुनेकडे न बघताच तो म्हणाला, "वली बाभळ हाय. मुरल्याबिगर लेथवर धरली तर उलंल."

बोलणं खोटं नव्हतं. खर्डा गावात उभा जन्म त्याने लाकूड कातण्यात घालवला होता. खाटेचे पाय, रव्या, पाळण्याचे खांब. ओलं लाकूड आधी पाण्यात मुरवायचं, मग सावलीत वाळवायचं, म्हणजे तडा जात नाही, हे बापाने शिकवलेलं. पण ही बाभूळ केव्हाच मुरली होती.

ती होती दिशाच्या पांगुळगाड्यासाठी. नात पाच वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. बाजारातले गाडे तान्ह्या पोरांच्या मापाचे, म्हणून जयाने घरीच मोठा करायला सांगितलं. त्यानेही हौसेने बांधावरची बाभूळ तोडून हौदात टाकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सुप्याच्या कारखान्यात कामाला असलेला त्याचा मुलगा गोरक्ष सगळ्यांना घेऊन नगरच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी जयाला पोरीसकट बाहेर बसवलं आणि बापलेकांना समजावून सांगितलं, की जन्मतानाच मेंदूला इजा झालीय, ही मुलगी चालणार नाही. बाहेर आल्यावर गोरक्षने बायकोला एवढंच सांगितलं, की पायांना रोज मालिश करायला सांगितलंय. तेव्हापासून लाकूड भिजतच होतं. ते पाण्यात होतं तोवर कुणाला काही बोलावं लागत नव्हतं.

आज मात्र जया हटली नाही. पदर खोचून तिने ओंडके स्वतः उपसून काढले आणि छपराखाली रचले. मग कानिफनाथला उठावंच लागलं. टोकांना तडा जाऊ नये म्हणून त्याने शेण लिंपलं.

वाळल्यावर त्याने लाकूड लेथवर चढवलं. निदान एखादं चाक तरी उलावं, असं त्याला मनातून वाटत होतं. एकही उललं नाही.

रविवारी गोरक्ष घरी आला, अंगणातला गाडा बघून काहीतरी काम काढून बाहेर निघून गेला. जयाने दिशाला काखेत धरून उभं केलं, हात दांड्यावर ठेवले. पोरगी खुदकन हसली. गाडा पुढे सरकला आणि तिचे गुडघे दुमडले. जयाने सावरलं, पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. पावलं नुसती मातीतून ओढली जात होती.

कानिफनाथला बघवेना. "ऱ्हाऊ दे आता, जया."

"मला ठावं हाय, मामा," ती शांतपणे म्हणाली. "दवाखान्याचं दार उघडंच हुतं."

तो ओट्यावर बसला. त्याने विचारलं, मग गाडा कशाला करायला लावलास?

"धरून का व्हईना, येकदा उभी बगायची हुती."

दिशा दांडा सोडेना. जयाने तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला कडेवर घेतलं आणि चुलीवर भात होता म्हणून आत गेली.

अंगणाला थोडा उतार होता. मोकळा गाडा आपसूक पुढे निघाला, जराही न कुरकुरता, सरळ, आणि कुडाला टेकून थांबला.