माश्या कुणाच्या

मटणवाला आणि रसवाला यांची दुकानं एकाच पत्र्याखाली होती आणि मध्ये फक्त प्लायवूडची भिंत होती. या बाजूला सत्तूर ओंडक्यावर पडला की त्या बाजूच्या फळीवरचे ग्लास किणकिणायचे. कुणी कधी तक्रार केली नाही, कारण दोघं लहानपणापासूनचे दोस्त. रसवाल्याने उसाचा चरक आणला तेव्हा तो खाली उतरवायला, जमिनीत बोल्ट ठोकायला मटणवालाच होता. मटणवाला बोलायला कमी. रसवाला मात्र अख्ख्या बाजाराला बोलण्यात गुंडाळणारा, म्हणून लोक त्याला गोड्या म्हणत.

त्या उन्हाळ्यात माश्या आल्या. तशा त्या दर उन्हाळ्यात यायच्या, पण या वेळी आकड्याला टांगलेली मांडी काळी दिसायला लागली. गिऱ्हाईक नाक मुरडून पुढच्या गल्लीत जायला लागलं. मटणवाल्याने फवारणीवाल्याला बोलवायचं ठरवलं. वजनकाटा सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोने ते हाणून पाडलं. उघड्या मटणावर विष मारायचं आणि तेच लोकांच्या पोरांच्या ताटात घालायचं, हे तिला पटेना. तिने घरचे उपाय काढले. लिंबं अर्धी कापून त्यांत लवंगा खोचून ती काउंटरवर मांडली. ग्लासात व्हिनेगर, साखर आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून वर भोकं पाडलेला कागद बांधला. माशी आत गेली की बुडालीच. दाराशी पुदिन्याच्या कुंड्या ठेवल्या. सकाळी तव्यावर कापूर टाकून धूर करायची. फरशी व्हिनेगरच्या पाण्याने पुसायची. कोपऱ्यातली जाळी काढून तिथे पुदिन्याच्या तेलाचं पाणी मारलं, तेव्हा नवरा म्हणाला की कोळी राहू देत, बिचारे माश्याच खातात. ती म्हणाली, गिऱ्हाईक कोळ्याचं काम बघत नाही, जाळं बघून मागे फिरतं.

हळूहळू फरक पडला. मांडी पुन्हा लाल दिसायला लागली. पण माश्या गावाबाहेर थोड्याच गेल्या. त्या भिंतीपलीकडे गेल्या. उसाच्या मोळ्यांवर, चरकाच्या तोंडाशी, ग्लासांच्या कडांवर त्या बसायला लागल्या.

आधी रसवाल्याने ते हसण्यावारी नेलं. वहिनींचे पाहुणे आता आमच्याकडे मुक्कामाला आलेत, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तिने त्यालाही लवंगा टोचलेली लिंबं करून दिली. पण ताज्या रसापुढे लिंबाचं काय चालणार? रस पिऊन एका बाईच्या पोराला उलट्या झाल्या. तिने दुसऱ्या दिवशी येऊन भरल्या दुकानात ग्लास रसवाल्याच्या तोंडावर फेकला. रस हनुवटीवरून शर्टात ओघळत होता आणि माणसं हसत होती. त्याला हे जिव्हारी लागलं.

तो तसाच शेजारच्या दुकानात शिरला आणि पहिली लाथ पुदिन्याच्या कुंडीला घातली.

"तुझ्या घाणीतल्या माश्या माझ्या उसावर सोडतोस काय?"

"माशीला काय मी दावं बांधलंय?" मटणवाला म्हणाला.

दुसरी कुंडी फुटली तसा मटणवाल्याने त्याचा गळा धरला आणि त्याला भिंतीवर असं आदळलं की पलीकडचे चार ग्लास खाली पडून फुटले. रसवाल्याने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. चार माणसांनी मध्ये पडून त्यांना ओढून वेगळं केलं.

मटणवाल्याच्या बायकोने त्याच संध्याकाळी दोघांनाही सांगून पाहिलं की दुकानांमागच्या गटाराला वास मारतोय, तिथली फरशी एकदा उचलून बघू. कुणीच ऐकलं नाही. जो आधी फरशी उचलेल त्याचीच घाण, असं लोक म्हणतील, अशी दोघांनाही भीती. नवरा तर म्हणाला, "त्याला उचलू दे."

मग रसवाल्याला कुणीतरी सांगितलं की मिरच्यांच्या धुरापुढे माशी टिकत नाही. एका सकाळी त्याने शेगडीत निखारे फुलवले, त्यावर पसाभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि शेगडी प्लायवूडच्या भिंतीखालच्या फटीला लावली. मागे टेबलफॅन ठेवला. माश्यांसाठी एवढं सगळं लागत नाही, हे त्याच्या बायकोला कळत होतं. ती ग्लास विसळत राहिली.

मटणवाला तेव्हा बरगड्या तोडत होता. सत्तूर वर गेलेला असताना धुराचा लोट आला आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. हात मात्र सवयीने खाली आला. बायको काट्यापाशी खोकून खोकून वाकली होती. तिने पाण्याने भरलेले डोळे पुसून पाहिलं, तर नवरा ओंडक्याकडे बघत स्तब्ध उभा होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं बरगड्यांमध्ये पडली होती. रक्त ओंडक्यावरून तिच्या चपलेपर्यंत आलं होतं.

तो सत्तूर घेऊन दाराकडे निघाला. ती त्याला आडवी गेली, तिने सत्तुराचं पातंच मुठीत धरलं. तिचा तळवा चिरला तरी तिने सोडलं नाही. शेवटी त्याने मूठ सैल केली आणि तो रिकाम्या हाताने बाहेर पडला. तिला वाटलं, चला, रिकाम्या हाताने गेलाय, एवढं तरी टळलं.

रसवाला चरकात ऊस सारत होता. पहिला ठोसा कानशिलावर बसला तसा तो मोळ्यांवर कोसळला. उठता उठता त्याने ऊस हाणला, तो मटणवाल्याच्या तोंडावर बसला आणि दात पडले. मग दोघंही माणसं राहिली नाहीत. रसवाला त्याच्या तुटलेल्या बोटांच्या जागी अंगठा दाबत होता. मटणवाला त्याचं डोकं चरकाच्या लोखंडी पायावर आपटत होता. गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडे पळाली. मोटार चालूच होती. मटणवाल्याने रसवाल्याचं उजवं मनगट धरलं आणि ज्या फटीत ऊस जातो तिथे ते लोटलं.

हाडं मोडल्याचा आवाज मोटारीच्या आवाजातही ऐकू आला. रसवाल्याची बायको बटणाकडे धावली, पण बटण त्या दोघांच्या अंगाखाली होतं. मटणवाल्याच्या बायकोने भिंतीतली वायर रक्ताळलेल्या हाताने हिसडून काढली. चरक थांबला. हात मनगटापर्यंत आत होता आणि रसाच्या नळीतून लाल रस गाळणीवर पडत होता.

हात काढायचा तर रूळ उलटे फिरवायला हवे होते. चाक जड होतं आणि कुठल्या बाजूला ओढायचं हे रसवाल्याशिवाय एकालाच माहीत होतं. मटणवाला उठला. रक्त ठिबकणारा हात आणि चांगला हात, दोन्ही चाकावर ठेवून त्याने ते मागे ओढायला सुरुवात केली. तो रडत होता.

"हळू," रसवाला म्हणाला. "हळू रे."

त्यानंतर बरीच वर्षं रसवाला मटणवाल्याशी बोलला नाही.

पोलीस आले. रसवाल्याचा हात मनगटाच्या वरून कापावा लागला. मटणवाल्याने कोर्टात काहीच नाकारलं नाही, आणि त्याला शिक्षा झाली. दोन्ही दुकानांना कुलपं लागली. आकडे रिकामे होते, चरक पुसून झाकलेला होता, तरी पत्र्याखाली माश्या घोंघावत होत्या.

तेव्हा मटणवाल्याची बायको पहार घेऊन मागे गेली. आवाज ऐकून रसवाल्याची बायको आली. तिने फरशीची दुसरी कड धरली. फरशी उचलली तशा दोघी मागे सरल्या आणि भिंतीला धरून ओकल्या. गटार पार तुंबलं होतं. उसाची चिपाडं, चरबी, आतड्यांचे तुकडे, सगळं एकमेकांत कुजून एकजीव झालं होतं आणि त्यावर अळ्या वळवळत होत्या. कुणाची घाण कुठे संपते आणि कुणाची कुठे सुरू होते, सांगता आलं नसतं. त्यांनी ते फावड्याने उपसलं, सोडा टाकला, घरातून उकळतं पाणी आणून आणून ओतलं. अळ्या तडफडून पांढऱ्या पडत होत्या.

मध्येच रसवाल्याची बायको म्हणाली, "तो मिरच्या टाकत होता तेव्हा मी बघत होते. मला वाटलं, होऊ दे यांना थोडा त्रास."

मटणवाल्याच्या बायकोच्या हातात उकळत्या पाण्याची बादली होती. क्षणभर ती बादली दोघींच्या मध्ये तशीच अधांतरी राहिली. मग तिने पाणी गटारात ओतलं आणि म्हणाली, "तो कोपरा राहिलाय. फावडं आण."

नंतर मटणवाल्याच्या बायकोने दुकान उघडलं. सत्तूर ती स्वतः चालवायला शिकली. रसवाल्याने चरक भंगारात काढला आणि फळं विकायला सुरुवात केली. संत्रं थोट्या हाताखाली दाबून तो डाव्या हाताने सोलायचा. मध्ये विटांची भिंत आली.

मटणवाला सुटून आला त्या दिवशी तो आधी फळांच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. रसवाल्याने मान वर केली, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि स्टूल फिरवून पाठ केली. मटणवाला मग आपल्या दुकानात आला. बायको ओंडक्यापाशी मांडी तोडत होती. त्याने सत्तुरासाठी हात पुढे केला, पण तिने तो दिला नाही. म्हणाली, तू काट्यावर बस. तो काट्यावर बसला.