गव्हाची पेंढी धरलेली बाई

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पुतळा म्हटले तरी मी बाईचा पुतळा आहे, तेव्हा स्वतःविषयी बाईसारखीच बोलेन. आज मी अमेरिकेत, मिनेसोटामधल्या एका भंगाराच्या आवारात उताणी पडले आहे. शेजारी मोडक्या गाड्या आहेत, जुनी वॉशिंग मशीन आहेत. उभी होते तेव्हा मी दुमजली घराएवढी उंच होते. लोक मान वर करून माझ्याकडे पाहत.

माझा जन्म युक्रेनमधला. तेव्हा तो सोव्हिएत संघात होता. मोठे युद्ध संपून काही वर्षे झाली होती आणि सरकारला गावोगावी भव्य पुतळे हवे होते. हातोडा उगारलेले कामगार, बंदूक घेतलेले सैनिक, पीक कापणाऱ्या बायका. सगळे धट्टेकट्टे, सगळे हसरे, सगळे दूर कुठेतरी पाहणारे. ओसिप नावाच्या शिल्पकाराला एका गावच्या चौकासाठी सुगीची बाई घडवायची होती. त्याने हाल्या नावाच्या शेतमजूर मुलीला समोर उभे केले आणि तिच्या हातात गव्हाची खरी पेंढी दिली. हाल्या दिवसभर न हलता उभी राही. घरी जाताना ती फरशीवर गळलेले दाणे वेचून झग्याच्या खिशात टाकी. ओसिप ते पाही आणि खिडकीकडे तोंड फिरवी.

मातीचा नमुना तयार झाला तेव्हा माझा चेहरा हाल्यासारखाच होता, थकलेला. तपासायला आलेले साहेब म्हणाले, "ही आनंदी का नाही? हिच्या हातात एवढा गहू आहे!" ओसिपने अंगठ्याने माझे ओठ दोन्ही बाजूंनी वर उचलले. मग मला ब्राँझमध्ये ओतले. तेव्हापासून मी हसते आहे. मला ते थांबवता येत नाही.

चौकात माझे फार कौतुक झाले. बँड वाजला, भाषणे झाली. नवी जोडपी माझ्या पायाशी फुले ठेवून जात. पुढे तो देशच मोडला. एका सकाळी माझ्या गळ्यात दोर अडकवून मला खाली ओढले. काही लोक टाळ्या वाजवत होते, काही रडत होते. मी कोणाचे काय वाईट केले आहे, ते मला समजेना.

बरीच वर्षे मी एका गोदामात धूळ खात पडले होते. मग एका व्यापाऱ्याने मला जहाजात घालून अमेरिकेत आणले. दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात ईडन प्रेरी गावात डेल नावाच्या माणसाने आपल्या बेकरीपुढे मला उभे केले. डेल हौशी होता. "पावाच्या दुकानापुढे गव्हाची बाई! आणखी काय हवं?" असे तो येईल त्याला सांगे. लोक मला 'ब्रेड लेडी' म्हणू लागले. त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि कोणीतरी माझ्या पेंढीत अमेरिकेचा छोटा झेंडा खोचून गेले. नाताळात माझ्या गळ्यात मफलर आला. मला कोणी विचारले नाही. पुतळ्याला कोण विचारते?

विचारले ते सुलभाताईंनी. दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. मुलगा सुशांत आणि सून शैलजा दोघेही आयटीत. दिवसभर घरी करमत नसे, म्हणून त्या सात वर्षांच्या नातीला, इशिताला घेऊन बेकरीसमोरच्या बाकावर येऊन बसत. पहिल्याच दिवशी त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अगं बाई, केव्हाची उभी आहेस! हात भरून नाही का येत?"

"आजी, शी इज अ स्टॅच्यू," इशिता म्हणाली.

"असू दे गं. विचारायला काय होतं?"

त्याच उन्हाळ्यात ओलेना आली. ऐंशीकडे झुकलेली, डोक्याला रुमाल बांधलेली. आपल्या मुलासोबत ती अमेरिकेत येऊन राहिली होती. पाव घ्यायला म्हणून ती गाडीतून उतरली आणि मला पाहून जागीच थांबली. मग माझ्या गावच्या भाषेत म्हणाली, "तू इथेपण आलीस?"

दुसऱ्या दिवसापासून ती रोज बसने येऊ लागली. बाकावर ती माझ्याकडे पाठ करून बसे. सुलभाताईंनी दोन-तीन दिवस पाहिले. मग थर्मासमधला चहा कपात ओतून तिच्यापुढे धरला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ओलेनाचे इंग्रजी मोडकेतोडके होते. मध्ये इशिता होती.

"विचार गं तिला, पाठ करून का बसते?"

इशिताने विचारले. ओलेना हळूहळू बोलत गेली. इशिता आजीकडे वळली. "आजी, ती म्हणते, ती लहान असताना गव्हर्न्मेंटचे लोक आले आणि त्यांचा सगळा व्हीट घेऊन गेले. घरातला पण. पॉटमधला पण."

"मग खाल्लं काय त्यांनी?"

"ग्रास. आणि झाडाची स्किन." इशिता थांबली. "तिचा ब्रदर चार वर्षांचा होता. तो डाय झाला. आणि तिची आई फार्मवर गेली होती, कटिंगनंतर खाली पडलेला व्हीट असतो ना, तो पिक करायला. त्यांनी तिला जेलमध्ये टाकलं."

सुलभाताईंच्या हातातला कप तसाच राहिला. "सरवा वेचला म्हणून?"

"सरवा म्हणजे काय?"

"तेच गं. कापणी झाल्यावर शेतात राहिलेल्या ओंब्या. आमच्याकडे तो गरिबाचा असतो. त्याला कोणी अडवत नाही."

ओलेनाने आपल्या गावाचे नाव सांगितले. मी ज्या चौकात उभी होते, तेच ते गाव. माझ्या पायाशी फुले ठेवणारी माणसे त्या उपासमारीतून वाचलेली होती. हाल्या दाणे खिशात का टाकत होती, तेही मला आता कळले. मित्रांनो, आतून मी पोकळ आहे, पण त्या दिवशी मला ती पोकळी पहिल्यांदा जाणवली. आणि बाहेरून मी हसतच होते.

तेवढ्यात शैलजा आजी-नातीला न्यायला आली. इशिताने सगळे सांगताच तिचा चेहरा उतरला. "आई, तिला असलं कशाला ऐकवता? शी इज ओन्ली सेव्हन."

"मी कुठे ऐकवते? तीच मला ऐकवते आहे."

शैलजा गाडीची किल्ली हातात घेऊन उभी राहिली. मग तीही बाकावर बसली. ओलेनाने तिचा हात धरला आणि एकच गोष्ट मागितली. बाई असू दे, तिचा काही दोष नाही. तिच्या हातातला गहू तेवढा काढा.

शैलजा डेलशी बोलायला आत गेली. डेल वाईट माणूस नव्हता. त्याने सगळे ऐकून घेतले, मान खाली घातली. "मला त्या आजींचं फार वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण गव्हाशिवाय ही बाई काय उरेल? लोक हिच्यासाठीच थांबतात. पुढच्या वर्षी बघू."

त्या दिवसांत मला एकच इच्छा होती. माझी बोटे उघडावीत आणि पेंढी खाली पडावी. किती जोर केला म्हणून सांगू! बोट तर सोडाच, नखही हलले नाही.

ऑक्टोबरात सुलभाताई परत निघाल्या. त्यांनी ओलेनाचे दोन्ही हात हातात घेतले. "बर्फात येऊ नको गं बाई, घसरशील," असे चक्क मराठीत सांगितले. ओलेनाने समजल्यासारखी मान हलवली. पण ती येत राहिली. थंडीमुळे बाकावर बसता येईना, तेव्हा ती पाच मिनिटे उभी राही, पाठ करून, आणि बस पकडून परत जाई.

जानेवारीतल्या एका दुपारी ती माझ्यासमोर घसरून पडली. बाहेर चिटपाखरू नव्हते. बेकरीच्या काचांवर आतून वाफ धरली होती. ओलेना उठायचा प्रयत्न करत होती. तिचा एक हात बर्फावर सरकत होता, मग तो सरकायचा थांबला. मला ओरडता येत नव्हते, वाकता येत नव्हते. तिचा चेहरा नेमका माझ्याकडे वळला होता. वरून मी तिच्याकडे पाहून हसत होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यात त्याहून वाईट काही घडलेले नाही. दोर गळ्यात पडला तेव्हाही नाही.

शेवटी एक गिऱ्हाईक बाहेर आले. धावाधाव झाली, ॲम्ब्युलन्स आली. ओलेना पुन्हा दिसली नाही. बर्फ वितळू लागल्यावर तिचा मुलगा आला आणि आई गेल्याचे त्याने डेलला सांगितले. डेल बराच वेळ बाहेर उभा होता. त्याच आठवड्यात त्याने वेल्डर बोलावला आणि पेंढी माझ्या हातांतून कापून काढली. ठिणग्या उडाल्या, मला दुखले नाही. दुखायला हवे होते, असे वाटले. जिच्यासाठी ते केले, ती पाहायला नव्हती.

त्यानंतर माझे हात रिकामेच पुढे धरलेले राहिले. नवी माणसे विचारत, "हिच्या हातात काय होतं? बाळ?" डेल त्यांना ओलेनाची गोष्ट सांगे. काही ऐकत, काही मध्येच कॉफी घ्यायला वळत. मग बेकरीचा धंदा बसला. जागा विकली गेली, डेल गाव सोडून गेला. शैलजाने दोन-तीन संग्रहालयांना माझ्याविषयी विचारले. एवढी मोठी बाई ठेवायला कोणाकडे जागा नव्हती. या उन्हाळ्यात, दोन हजार आठ साली, क्रेनने मला इथे आणून टाकले. उद्या माझे तुकडे करून मला वितळवणार आहेत.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणणार नाही. माझे जे होईल ते होईल. पण तुमच्या गावात एखादा पुतळा असेल आणि कोणी म्हातारे माणूस त्याच्याकडे पाठ करून बसलेले दिसले, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. का, ते विचारा. आणि त्याने काही मागितले, तर पुढच्या वर्षी बघू असे म्हणू नका. माझ्यासारख्यांना वाट पाहता येते. माणसांना येत नाही.

आज दुपारी शैलजा, इशिता आणि सुलभाताई इथे आल्या. सुलभाताई पुन्हा नागपूरहून आल्या आहेत, आता काठी घेऊन चालतात. इशिता बारा वर्षांची झाली आहे. ती आवारातल्या माणसाशी भांडली, मग आईकडे वळली. "आई, वी कान्ट जस्ट लीव्ह हर!"

"नाही गं राजा," शैलजा म्हणाली. "आपल्या हातात नाही."

सुलभाताईंनी माझ्या गालाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "केवढी तापली आहे ही! आणि ऊन बघ कसं सरळ डोळ्यांत जातंय. हिला पापणीही मिटता येत नाही गं."

इशिता माझ्या खांद्यावर चढली, कमरेला बांधलेला हुडी सोडला आणि माझ्या दोन्ही डोळ्यांवर पसरला. त्याच्या बाह्या तिने माझ्या कानांमागे नीट खोचल्या. "आता झोप," ती मराठीत म्हणाली.

घडवल्यापासून मी सारखी बघतच होते. आज पहिल्यांदा अंधार झाला.